पावती नसली तरी चालेल

रविवार, रात्री उशिरा

सीअर्स हे इथलं जुनं दुकान अजून बंद पडलेलं नाही, हे आज जेवताना मुलाने सांगितलं. मी तर धरूनच चाललो होतो की संपलं. सगळ्या अमेरिकेत मिळून बोटांवर मोजण्याइतकी दुकानं उरलीत म्हणे. आमच्या इलिनॉयमधलं शेवटचं, शॉमबर्गच्या वुडफील्ड मॉलमधलं, नोव्हेंबर 2021 मध्ये बंद झालं आणि आमच्यासाठी सीअर्स म्हणजे तेच होतं, त्यामुळे बाकीची कुठे चालू असली काय नि नसली काय. पण विषय निघाला तो डोक्यातनं जाईचना, बायको झोपली, मी बसलोय लिहीत.

भारतातून येणारे पाहुणे सीअर्स हे नाव ओळखतात ते सीअर्स टॉवरमुळे. शिकागोला आलेल्या प्रत्येक मावशी-काकांना आम्ही तिथे नेऊन आणलंय, 103व्या मजल्यावरच्या काचेच्या खोक्यात उभं करून फोटो काढलेत. 110 मजले, 1973 ला बांधून झाला, 25 वर्षं जगातली सगळ्यात उंच इमारत, आणि त्याचं स्ट्रक्चर ज्याच्या डोक्यातनं आलं तो फझलूर खान आपल्या शेजारचा, ढाक्याचा. 2009 पासून त्याचं नाव विलिस टॉवर झालंय पण इथे कोणी तसं म्हणत नाही, टॅक्सीवालासुद्धा नाही. पाहुण्यांना वाटतं सीअर्स म्हणजे कोणीतरी बिल्डर असणार. नाही हो, दुकान! फ्रिज, कपडे, टायर, लेकराचे बूट विकणारं दुकान, त्याने स्वतःच्या हेड ऑफिससाठी जगातली सगळ्यात उंच बिल्डिंग बांधली एवढा पैसा होता त्या काळी.

सुरुवात मात्र घड्याळांची. रिचर्ड सीअर्स हा मिनेसोटात रेल्वे स्टेशनवर एजंट होता, 1886 मध्ये तिथल्या एका सोनाराने घ्यायला नाकारलेली घड्याळांची पेटी याने घेतली आणि लाईनवरच्या बाकी एजंटांना विकून टाकली. मग घड्याळ दुरुस्तीवाला रोबक जोडीला आला, मग कॅटलॉग निघाला. खेड्यातल्या शेतकऱ्याला गावातला एकुलता एक दुकानदार सांगेल त्या भावाने घ्यावं लागायचं, कॅटलॉग आल्यावर छापील किंमत कळायला लागली आणि माल पोस्टाने-रेल्वेने घरी यायला लागला. घरसुद्धा यायचं! 1908 ते 1940 या काळात यांनी 70 हजारांच्या वर घरं विकली, म्हणजे मापात कापून नंबर टाकलेली लाकडं, खिडक्या, खिळे, रंग सगळं रेल्वेच्या डब्यातनं यायचं आणि माणसं नंबर बघून घर उभं करायची. आमच्या जवळ एल्जिनला, डाउनर्स ग्रोव्हला अशी घरं अजून आहेत, त्यात लोक राहतायत. जुना कॅटलॉग संपला की परसाकडे टांगायचा आणि एकेक पान वापरायचं, हा इथल्या म्हाताऱ्यांचा ठरलेला जोक.

असो. मला सीअर्स आठवतं ते हत्यारांसाठी, म्हणजे पाने, पकडी, स्क्रू ड्रायव्हर.

मी नवीन नवीन आलो तेव्हा कार घेतली ती अशी की महिन्यातून एकदा तिच्याखाली शिरायलाच लागायचं, आणि मेकॅनिककडे जायचे पैसे कुणाकडे होते. शेजारी एक रिटायर झालेले आजोबा राहायचे, ते म्हणाले वुडफील्डला जा, क्राफ्ट्समनचा सेट घे, दुसरं काही घेऊ नको. क्राफ्ट्समन हा सीअर्सचा घरचा ब्रँड, 1927 पासूनचा. मी पोरं सांभाळायला बायकोला कपड्यांकडे सोडलं आणि हत्यारांच्या बाजूला गेलो ते दीड तास बाहेर आलोच नाही. भिंतभर पाने, मापाप्रमाणे लावलेले, नवीन क्रोमचा चकचकाट आणि एक तेलकट रबरी वास. मी सांगलीकडचा, वडील किर्लोस्करवाडीला टूलरूममध्ये, घरात पाने-पकडी बघतच वाढलो पण इतके एका जागी नव्हते पाहिले.

आणि मग ती वॉरंटी. हाताने वापरायचं कुठलंही हत्यार कधीही तुटलं, झिजलं, मनासारखं चालेना झालं, तर घेऊन या, बदलून देऊ. कायमची. पावती लागत नाही, कुणी घेतलं होतं विचारत नाहीत. मला काही पटलं नव्हतं, खाली बारीक अक्षरात काहीतरी असणारच. तर ते शेजारचे आजोबा एकदा मला घेऊन गेले, त्यांनी एका गंजलेल्या बोल्टवर रॅचेट (कर्रर्र करत एकाच दिशेने आवळणारा दात्यांचा पाना) लावून त्याच्या दांड्यात दोन हात लांब पाईप घातला होता जोर यायला, मग काय, आतले दात गेले. रॅचेट त्यांच्याही वडिलांचं. काउंटरवरच्या पोराने हातात घेऊन दोनदा फिरवलं, कर्रर्र ऐवजी खळखळ वाजलं, त्याने खालचा ड्रॉवर उघडला, आतल्या दात्यांचं किट काढलं, तिथल्या तिथे दोन स्क्रू सोडून बदललं, तेलाचा थेंब टाकला, दिलं परत. एक अक्षर नाही विचारलं. आजोबांनीही पाईपचं एक अक्षर नाही सांगितलं.

मला या देशात येऊन दोनच वर्षं झाली होती, बँकेत क्रेडिट हिस्टरी नाही, अपार्टमेंटवाल्याला जादा डिपॉझिट हवं, जिथे जाईन तिथे कागद दाखवा. आणि हे एक काउंटर जिथे कुणी कागद मागत नव्हतं. मला ते हत्यारांपेक्षा जास्त भिडलं मनाला, अजूनही सीअर्स म्हटलं की तेच डोळ्यासमोर येतं.

2001 च्या उन्हाळ्यात आई-बाबा आले. बाबांना नायगारा बघून झालं, मंडळाच्या कार्यक्रमाला नेऊन झालं, कंटाळले बिचारे, म्हणून सीअर्सला नेलं. आल्यापासून पहिल्यांदा चेहरा खुलला. पाना उचलून आधी तळहातावर तोलला, मग जबड्यात अंगठ्याचं नख फिरवून बघितलं, मग दांड्याच्या उठावदार पट्टीवरची अक्षरं चष्मा वर करून वाचली, मग म्हणाले, "घडाई चांगलीय. कुणी केलंय हे?" मी म्हटलं, बाबा, सीअर्सचंच आहे. "दुकानदार कुठं फोर्जिंग करतो का लेका? कुणाकडनं तरी करून घेतलं असणार." आणि बरोबर होतं ते! सीअर्सने आयुष्यात एक पाना घडवलेला नाही. वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या कारखान्यांकडून करून घेतलं, स्क्रू ड्रायव्हर आणि पकडी कोलोरॅडोतल्या वेस्टर्न फोर्जकडून, रॅचेट आणि त्याला लावायचे सॉकेट (बोल्टच्या डोक्यावर बसणाऱ्या वाट्या) बरीच वर्षं डॅनहरकडून. दांड्यावर कारखान्याची छोटी खूण असते, व्ही किंवा डब्ल्यूएफ वगैरे, जुन्या मालाचे शौकीन त्या खुणा बघून घेतात. बाबांना वॉरंटीचं सांगितलं तर पाना तसाच हातात धरून उभे राहिले. "पावती नसताना बदलून देतात? मग दुकान चालतं कसं?"

या प्रश्नाचं उत्तर मी नंतर बरेच दिवस शोधत होतो आणि आता मला वाटतं ते तसं सोपं आहे. चांगला घडवलेला पाना मुळात तुटत नाही, हजारात एखादा परत आला तर त्याची किंमत ती काय, आणि जो बदलायला येतो तो मॉलच्या त्या टोकापर्यंत चालत येतो, येताना केनमोरचा फ्रिज बघतो, जाताना डायहार्डची बॅटरी घेऊन जातो. शिवाय घरी जाऊन चार जणांना सांगतो, मी नाही का आत्ता सांगतोय तसं. दुकान त्या वॉरंटीवरच चालत होतं. बाबांनी मग सेट घेतला, पण इंची नाही, "इंची घेऊन काय करू, एमएम दाखव", आणि परत जाताना बॅगेचं वजन जास्त भरलं म्हणून आईच्या साड्या मागे ठेवल्या. आई पुढे कित्येक वर्षं ते ऐकवत होती.

दुकानावर जीव आहे म्हणून सगळंच गोड नाही हां. माझ्या रॅचेटच्या पाठीवर एक बटण आहे, अंगठ्याने दाबलं की सॉकेट टपकन हातात पडतं. एका हाताने काम होतं, तेलाने माखलेल्या बोटांना ओढाताण करायला लागत नाही. हे ज्याने काढलं तो पीटर रॉबर्ट्स, 18 वर्षांचा पोरगा, सीअर्समध्येच विक्रीला होता. कंपनीने त्याला सांगितलं याला फार काही मागणी नाही, नगामागे 2 सेंट देऊ आणि जास्तीत जास्त 10 हजार डॉलर. नऊ महिन्यांत 5 लाख विकले, त्याचे 10 हजार झाले, संपला विषय. पुढच्या दहा वर्षांत 1 कोटी 90 लाखांच्या वर खपले. पोरगा कोर्टात गेला, ज्युरीने कंपनीने फसवलं असंच म्हटलं, पण अपिलं आणि पुन्हा खटले करत करत 1989 पर्यंत तडजोडीला वेळ लागला. म्हणजे गिऱ्हाइकाला पावती न मागणारं दुकान आपल्याच काउंटरवरच्या पोराला मात्र असं वागवत होतं. ते बटण दाबताना कधी कधी आठवतं मला.

लोक म्हणतात ॲमेझॉनने सीअर्सला खाल्लं, आणि मग तो ठरलेला किस्सा, की 1993 ला यांनी मोठा कॅटलॉग बंद केला आणि 1994 ला ॲमेझॉन निघालं. ऐकायला भारी आहे पण मला काही ते पूर्ण पटत नाही. वॉलमार्टने आधीच मागे टाकलं होतं, होम डेपो हत्यारं विकतच होतं. आणि मग 2005 ला केमार्ट आणि सीअर्स एकत्र केले एडी लँपर्ट नावाच्या फंडवाल्याने. दोघांची मिळून साडेतीन हजारांच्या आसपास दुकानं. त्या माणसाला दुकान चालवायचं होतं की दुकानाखालची जमीन हवी होती यावर इथे अजून वाद होतात, मी दुसऱ्या पार्टीतला. 2015 मध्ये दोनशेच्या वर जागा एका वेगळ्या कंपनीला विकल्या आणि त्याच जागेत भाड्याने राहिले. 2017 मध्ये क्राफ्ट्समन हे नावच स्टॅनली ब्लॅक अँड डेकरला विकलं, साधारण 90 कोटी डॉलरला. ऑक्टोबर 2018 मध्ये दिवाळखोरी. ज्या एका गोष्टीसाठी माझ्यासारखा माणूस मुद्दाम गाडी काढून यायचा तीच विकून टाकल्यावर यायचं कशाला?

स्टॅनलीने टेक्सासात फोर्ट वर्थला मोठा कारखाना काढला, क्राफ्ट्समन पुन्हा अमेरिकेत बनवणार, बरीच कामं मशीनच करणार, लोकांनी टाळ्या वाजवल्या, 2023 मध्ये बंद करायचं जाहीर केलं. कोलोरॅडोचा वेस्टर्न फोर्ज 2020 मध्येच गेला. मुलाने मागच्या वर्षी नवीन क्राफ्ट्समनचं रॅचेट घेतलं, लाल-काळ्या डब्यातलं. वाईट नाहीये खरं तर, दात बारीक आहेत, अडचणीच्या जागी माझ्यापेक्षा बरं चालतं, कायमची वॉरंटी त्यालाही आहे. त्याला मी हे सगळं सांगितलं तर म्हणाला, बाबा, काम झालं ना, बास की. तेही खरंच.

माझ्या स्क्रू ड्रायव्हरांना मात्र आता वास यायला लागलाय. पारदर्शक मुठी, चपट्याला निळी पट्टी, फुलीवाल्याला लाल, ड्रॉवर उघडला की खवट लोण्याचा भपकारा येतो, आणि भास नाहीये तो, त्या प्लास्टिकमधनं जे ॲसिड सुटतं तेच खवट लोण्यातही असतं. मुठीवर पांढरी बुरशी आल्यासारखा थर चढतो, साबणाने घासून उन्हात ठेवले की काही महिने बरे राहतात. बायको म्हणते फेकून दे. टोकं अजून नव्यासारखी आहेत, कशाला फेकू.

हां, झोपायच्या आधी एक लिहून ठेवतो नाहीतर विसरेन. बाबा गेल्यापासून त्यांचा सेट पुतण्याकडे आहे, मोटर-पंपाच्या कामाला वापरतो. परवा त्याचा फोन होता, "काका, 13 नंबरचा विहिरीत पडला, तसलाच मिळतो का बघा की." हरवलेल्याला वॉरंटी नाही रे बाबा. नवीन घेऊन पाठवता येईल पण त्याला तसलाच हवाय, व्हीची खूण असलेला. शनिवारी एक दोन एस्टेट सेल आहेत (गेलेल्या माणसाच्या घरातलं सामान विकतात ते) तिकडे चक्कर मारतो, जुन्या गॅरेजात इंचीचे ढीग मिळतात, एमएमचे शोधायला लागतात.