‘इतर’मध्ये बघा

लग्नपत्रिकेत कोणाचं नाव आधी घ्यायचं यावरून रुसवेफुगवे होतात, हे मी लहानपणापासून पाहत आलोय. संकेतस्थळाच्या मेनूवरूनही होतात, हे मात्र गेल्या पावसाळ्यात कळलं.

आमच्या गावच्या वाचनालयाची साइट वर्डप्रेस या साइट बनवायच्या प्रणालीवर आहे आणि कार्यकारिणीत कीबोर्डला न बिचकणारा मी एकटाच, म्हणून ती माझ्या गळ्यात. काम तसं पत्ते लावण्याचं. एकेक नाव माउसनं उचलायचं, वरखाली सरकवायचं. ही सोय २०१० साली आली. त्याआधी क्रम लावायचा तर पानागणिक आकडे भरत बसावं लागे. आता नाव उचलून किंचित उजवीकडे सोडलं की ते वरच्या नावाच्या पोटात जातं. हे ‘किंचित’ फार नाजूक. एकदा हात हलला आणि ‘विश्वस्त मंडळ’ थेट ‘बालविभागा’त जाऊन बसलं. दोन दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही. आलं ते विश्वस्तांच्याच.

सभेत मागण्या आल्या. अध्यक्षांचं मनोगत पहिलं हवं. मग इतिहास, विश्वस्त, देणगीदार, पुरस्कार, मान्यवरांच्या भेटी. (ड्रुपल नावाच्या दुसऱ्या प्रणालीत मेनूतल्या प्रत्येक नावाला ‘वजन’ द्यायची सोय आहे. वजन जितकं जास्त तितकं नाव खाली बुडतं, हलकी वर तरंगतात. हे सभेत सांगायचं मी टाळलं.) एकूण चौदा नावं झाली. एका ओळीत मावेनात. मग मी सगळे मेनू लावणारे करतात तेच केलं: शेवटी ‘इतर’ नावाचं गाठोडं बांधलं. वाचनालयाची वेळ, वर्गणी, पुस्तक शोधा, दिवाळी अंक योजना, सगळं त्यात कोंबलं. त्यांच्या बाजूनं सभेत कोणी बोललंच नव्हतं.

आठवड्याभरात ग्रंथपालबाईंनी मला बोलावलं. दिवसभर फोन वाजत होता, “आज उघडं आहे का हो?” त्या काही बोलल्या नाहीत. मला कादंबऱ्यांच्या कपाटाशी नेलं आणि पुस्तकाच्या कण्यावरची चिठ्ठी दाखवली. ८९१.४६.

“हाही मेनूच आहे,” त्या म्हणाल्या.

मेलव्हिल ड्युईनं १८७६ साली सगळं ज्ञान दहा खणांत बसवलं. आठशेचा खण साहित्याचा. त्यात अमेरिकेला ८१०, इंग्रजीला ८२०, पुढे जर्मन, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, लॅटिन, ग्रीक, प्रत्येकाला आपापली खोली. आणि उरलेलं जग? ८९०, म्हणजे इतर भाषा. त्याच्या पोटात ८९१, त्याच्या पोटात ८९१.४ म्हणजे आधुनिक भारतीय-आर्य भाषा, आणि त्याच्याही पोटात मराठी. कपाटंच्या कपाटं भरून आपण लिहिलं, आणि पत्ता काय, तर ‘इतर’मध्ये बघा.

“ड्युई अमेरिकेतला. त्यानं आपल्या दारापासून मोजायला सुरुवात केली,” बाई म्हणाल्या. “तुम्ही अध्यक्षांच्या खुर्चीपासून केलीत.”

बाईंच्या टेबलावर काचेखाली रंगनाथनांची पाच सूत्रं आहेत. गणित शिकवता शिकवता मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झालेल्या या माणसानं ती १९३१ साली छापली. चौथं सूत्र: वाचकाचा वेळ वाचवा. मी ते कित्येक वर्षं पावती फाडून घेताना वाचत होतो.

त्या रात्री मी ‘इतर’ काढून टाकलं. वर्डप्रेसच्या या पडद्यावर एक बरं आहे, वरचं नाव काढलं तरी पोटातली मरत नाहीत. एक पायरी डावीकडे सरकून आपली आपण उभी राहतात. त्यांना ओढत ओढत अगदी पुढे आणलं. मनोगत, विश्वस्त, देणगीदार मंडळी ‘आमच्याविषयी’च्या पोटात गेली. किंचित उजवीकडे. या वेळी हात हलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांचा फोन. मी उत्तरं तयार ठेवली होती. पण त्यांनी साइट मोबाइलवर उघडली होती आणि मोबाइलवर मेनू मिटतो, उरतात तीन आडव्या रेघा. नॉर्म कॉक्स यांनी त्या झेरॉक्सच्या स्टार संगणकासाठी काढल्या होत्या, तो संगणक बाजारात आला १९८१ साली.

“अहो, माझं मनोगत कुठाय?”

“त्या तीन रेघांच्या आत आहे, सर.”

“आणि विश्वस्त?”

“तेही आतच.”

“देणगीदार?”

“सगळेच आत.”

पलीकडे थोडा वेळ शांतता.

“मग हरकत नाही,” ते म्हणाले.