इंचॉन: भरतीच्या वेळा पाहून करायची सफर

कोरियन युद्धात १५ सप्टेंबर १९५० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या फौजा उत्तर कोरियाविरुद्ध ज्या किनाऱ्यावर उतरल्या, ते दक्षिण कोरियातले इंचॉन बंदर पाहायला मी गेल्या शरदात गेलो होतो. जाण्याचा दिवस मी पंचांग पाहून ठरवला, आणि पुढे जाणाऱ्यांनीही तसेच करावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. त्या मोहिमेचा सगळा पेच भरती-ओहोटीचा होता; तो उधाणाच्या दिवसांतच डोळ्यांना दिसतो. १२ सप्टेंबर १९५० ला अमावास्या होती आणि तिसऱ्या दिवशी फौजा उतरल्या. मीही पौर्णिमेनंतरचा तिसरा दिवस निवडला. अशा दिवसांत इथे ओहोटी दुपारी बारा-एकच्या सुमारास आणि भरती संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास येते, त्यामुळे एकाच दिवसात दोन्ही टोके पाहता येतात.

सोलहून मेट्रोच्या पहिल्या क्रमांकाच्या मार्गाने शेवटचे स्थानक इंचॉन. प्रवासाला एक तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. गुरो स्थानकानंतर या मार्गाला दोन फाटे फुटतात आणि दुसरा फाटा दक्षिणेला सुवॉनकडे जातो, म्हणून गाडीवरची पाटी वाचूनच चढावे. जलद गाड्या एक स्थानक अलीकडे, तोंगइंचॉनला थांबतात. तिथून पुढे धिमी गाडी घ्यावी लागते. तिकिटासाठी टी-मनी कार्ड (आधी पैसे भरून वापरायचे प्रवासकार्ड) पुरते. चालत जाण्याचा रस्ता शोधायला मात्र गुगल मॅप्सवर विसंबू नये. नेव्हर किंवा काकाओ या कोरियन ॲपचा नकाशा फोनवर आधीच घेऊन ठेवावा.

स्थानकापासून वोल्मिदो दोनेक किलोमीटरवर आहे. ‘दो’ म्हणजे बेट, पण आज ते जमिनीला पूर्ण जोडलेले आहे. १९५० साली ते एका अरुंद बांधाने शहराशी जोडलेले होते आणि बंदराचे तोंड त्याच्या तोफांच्या माऱ्यात होते, त्यामुळे ते आधी घेतल्याशिवाय पुढे सरकणे शक्य नव्हते. बस आहे, स्थानकाला लागूनच सुटणारी मोनोरेलही आहे (सोमवारी ती बंद असते). मी चालत गेलो. बेटावरची टेकडी जेमतेम १०८ मीटर उंच आहे. अर्धशतकभर ती लष्कराच्या ताब्यात होती आणि २००१ साली लोकांसाठी खुली झाली.

दुपारी साडेबाराला मी वरच्या मनोऱ्यावर पोहोचलो. पश्चिमेला समुद्र मागे हटला होता आणि करड्या, चकचकीत गाळाचे विस्तीर्ण खाजण उघडे पडले होते. त्यातून पाण्याच्या बारीक वाटा झाडाच्या फांद्यांसारख्या फुटल्या होत्या आणि एक होडी कुशीवर कलून रुतली होती. पूर्वेला आतल्या गोदीत मात्र मोठी जहाजे काठोकाठ पाण्यावर स्थिर उभी होती, कारण तिथले पाणी जलपाशाचे (गोदीच्या तोंडाशी पाणी अडवणाऱ्या कोठ्याचे) दरवाजे लावून धरून ठेवलेले असते. मुंबईच्या किनाऱ्यावर साडेचार मीटरची भरती आली की आपण बातमी करतो. इथे भरती-ओहोटीतला फरक नऊ-दहा मीटरपर्यंत जातो. रणगाडे वाहणाऱ्या मोठ्या जहाजांना किनाऱ्याला लागायला सुमारे २९ फूट पाणी हवे होते आणि तेवढे पाणी महिन्यातून मोजक्याच दिवशी, तेही काही तासच मिळत असे. म्हणूनच नौदलातले अनेक अधिकारी या बेताच्या विरोधात होते, आणि शत्रूलाही इथे हल्ल्याची अपेक्षा नसेल, या भरवशावर मोहिमेचे सेनापती जनरल मॅकआर्थर अडून राहिले.

त्यामुळे उतरणे दोन भरत्यांत विभागावे लागले. सकाळी साडेसहाला मरीन सैनिकांची एक बटालियन ‘ग्रीन बीच’वर, म्हणजे वोल्मिदोवर उतरली आणि तिने दुपारपर्यंत बेट ताब्यात घेतले. मग पाणी ओसरले आणि पुढचे अनेक तास तिच्या मदतीला एकही जहाज येणे शक्य नव्हते. तो गाळ समोर पाहत उभे राहिल्यावर त्या सैनिकांची दुपार कशी गेली असेल, याची मला प्रथमच खरी कल्पना आली.

याच बेटावर कोरियन लोकांचे गाव होते. १० सप्टेंबरला अमेरिकी विमानांनी तिथे नापाम (अंगाला चिकटून जळणारे ज्वालाग्राही द्रव्य) टाकले, त्यात गावकरी होरपळून मेले. कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने २००८ साली ते मान्य केले. जत्रेतले पाळणे आणि खाण्याच्या दुकानांच्या रांगा पाहून परतणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट जाणून घेतलीच पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

संध्याकाळच्या भरतीत बाकीच्या तुकड्या जिथे उतरल्या, ते ‘रेड बीच’ आणि ‘ब्लू बीच’ शोधताना किनारा मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. भराव घालून समुद्र दूर ढकलला गेला आहे. रेड बीचची खूण म्हणून कारखान्यांच्या भागात रस्त्याकडेला एक दगड उभा आहे आणि त्याच्या शेजारून मालमोटारी धडधडत जातात. मरीन लेफ्टनंट बाल्डोमेरो लोपेझ यांचे इथल्याच समुद्राकडच्या भिंतीवर शिडीने चढतानाचे छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. त्यानंतर काही मिनिटांतच, गोळी लागून हातातून सुटलेला हातगोळा त्यांनी स्वतःच्या अंगाखाली घेतला आणि सोबत्यांना वाचवले. मी त्या दगडापाशी बराच वेळ थांबलो.

स्थानकासमोरच्या चायनाटाउनमधून पायऱ्या चढून गेले की जायू उद्यान लागते. तिथे १९५७ साली उभारलेला मॅकआर्थर यांचा पुतळा आहे. शाकाहारी मंडळींनी चायनाटाउनमधल्या काळ्या रश्शाच्या शेवयांत डुकराचे मांस असते, हे ध्यानात ठेवावे. मोहिमेचे स्मारक-संग्रहालय इथून दूर, योन्सू भागात आहे. सुइन-बुंदांग मार्गाने सोंगदो स्थानकावर उतरून जाता येते. प्रवेश विनामूल्य आहे, सोमवारी बंद असते. मी ते दुसऱ्या दिवशी पाहिले, पण आधी पाहिले असते तर नकाशे डोक्यात घेऊन फिरता आले असते.

पाच वाजता मी वोल्मिदोच्या बांधावर परतलो. गाळात कोणीही उतरू नये. पाणी इथे समोरून तर चढतेच, पण मागच्या वाटांमधूनही भरते आणि परतीचा रस्ता कापते. भिंतीवर कालवांच्या शिंपल्यांचा पांढुरका पट्टा होता, तो मी खूण म्हणून धरला. दुपारी तो पाण्यापासून कितीतरी वर होता. साडेपाचला, म्हणजे बरोबर त्या दिवशी संध्याकाळच्या तुकड्या उतरल्या त्या सुमारास, पाणी पट्ट्याच्या खालच्या कडेला लागले होते. तरी भिंतीचा माथा पाण्यापासून माणसाच्या उंचीहून वर होता. होड्यांमध्ये शिड्या का घेतल्या होत्या, ते तिथे कळते. सात वाजता शिंपल्यांचा पट्टा पूर्ण बुडाला होता, आणि कललेली होडी सरळ होऊन दोरीला हेलकावे घेत होती.