हूड की हौदा? अंबाजोगाई ते नळदुर्ग, तीन दिवस आणि दोन गाड्या

निघताना माझं मन जीपवर होतं, हे आधीच कबूल करतो. काळीपिवळीच्या मागच्या पायरीवर लटकून केज-अंबाजोगाई केलेल्या पिढीतला मी. डोक्यावर टप नसलेल्या गाडीचं वेड आमच्यातून सहजासहजी जात नाही. जुनी कार विकली होती, पैसे बँकेत होते आणि घरात दोन पक्ष पडले होते. बायकोचं म्हणणं, शेत आहे, खताची पोती आणायला दर वेळी भाड्याचा टेम्पो शोधता, मग पिकअपच घ्या की. मेव्हण्याकडे डबल केबिन पिकअप आहे, मागे मालाचा उघडा हौदा असलेली, आणि मित्राकडे कापडी हूडाची फोर बाय फोर जीप. कोजागिरी झाल्यावर दोन्ही गाड्या बाहेर काढल्या. माणसं सहा: मी, बायको, आई, मेव्हणा, मित्र आणि त्याचा नववीतला मुलगा. दोघांच्या गाड्यांची उणीदुणी काढायची आहेत, तेव्हा त्यांच्या कंपन्यांची नावं लिहीत नाही.

मार्ग असा: अंबाजोगाई, केज, मांजरसुंबा, पाटोदा, सौताडा, जामखेडला मुक्काम. दुसऱ्या दिवशी खर्डा, भूम, परंडा, बार्शी, तुळजापूर. तिसऱ्या दिवशी नळदुर्ग, लोहारा, किल्लारी, खरोसा, लातूर आणि घर. सगळं मिळून सव्वापाचशे किलोमीटर भरलं. मधला थोडा भाग नगर (आता अहिल्यानगर) आणि सोलापूर जिल्ह्यांत जातो, तेवढं चालवून घ्या. नवरात्र ते कोजागिरी या दिवसांत मात्र हा बेत आखू नका. तुळजापूरला पायी जाणाऱ्यांनी रस्ते भरलेले असतात आणि कोजागिरीला सोलापूर-तुळजापूर रस्ता गाड्यांना बंदच करतात.

पहिला निकाल गाडी सुरू होण्याआधीच लागला. आईचं वय बहात्तर, उजवा गुडघा दुखरा. तिला पुढे बसून वारा खायचा होता, पण मित्राच्या मुलाला गाडी लागते म्हणून पुढची सीट त्याची. जीपला दारं दोनच. मागे बसायचं तर पुढची सीट वाकवायची, पाय आत टाकायचा, मग कंबर वळवायची. आईने एक हात हूडाखालच्या लोखंडी सांगाड्याच्या, म्हणजे रोल केजच्या, पाइपला धरला, दुसरा माझ्या खांद्यावर ठेवला, दोनदा पाय उचलला आणि खाली ठेवला. "मी आपली सामानाच्या गाडीत बसते," म्हणाली आणि पिकअपच्या मागच्या दाराकडे चालू लागली. तीही उंचच, पण तिला पायदान आहे आणि मागच्या माणसाला स्वतःचं दार आहे. घरात म्हातारं माणूस असेल तर शोरूममध्ये टेस्ट ड्राइव्ह नंतर करा, आधी त्यांना मागच्या सीटवर बसवून बघा.

मांजरसुंब्यापर्यंत जीपमध्ये मी राजा होतो. सकाळचा गार वारा, दोन्ही बाजूंना बालाघाटच्या टेकड्या आणि वर काहीच नाही. मागे पिकअप ऐंशीच्या पुढे हलत नव्हती. मालवाहू म्हणून पिवळ्या नंबरपाटीवर पासिंग झालेल्या पिकअपला वेगाचा लगाम कंपनीतूनच येतो, हे घेणाऱ्या निम्म्या लोकांच्या लक्षात नसतं. त्याच पाटीबरोबर फिटनेसचं झेंगट येतं. पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी गाडी दाखवायची. पांढऱ्या पाटीची पिकअप हवी असेल तर इसुझूची व्ही-क्रॉस किंवा टोयोटाची हायलक्स बघावी लागते, आणि मग बजेटही तसंच वाढतं.

सौताड्याला विंचरणा नदी कड्यावरून खाली पडते आणि दरीत रामेश्वराचं मंदिर आहे. पायऱ्या बऱ्याच आहेत. आई वरच थांबली, ते बरंच झालं. पाटोद्याच्या पुढे रस्त्यावर घेतलेली सीताफळाची पाटी आम्ही पिकअपच्या हौद्यात उघडीच ठेवली होती. खाली धबधबा बघून वर आलो तर आई काठी आपटत ओरडतेय आणि पाच वानरं हौद्याच्या कडेवर ओळीने बसून फळं फोडून खातायत. एकाने तर बिया आमच्याकडे तोंड करून थुंकल्या. जीपमध्ये खाण्याचं काहीच नव्हतं, पण तीही उघडीच. तेवढ्यात दोघं आत उतरली आणि मित्राचा गॉगल घेऊन गेली. देवस्थानं आणि घाट करायचे असतील तर दोन्ही गाड्यांना एकच औषध: झाकण असलेली पेटी, साखळी आणि कुलूप. हौद्याला ताडपत्री हवीच, आणि ती आमच्या अंबाजोगाईच्या संत दासोपंतांनी ग्रंथ लिहिलेल्या लांबलचक पासोडीसारखी ऐसपैस घ्या. तोकडी ताडपत्री वाऱ्याने कोपऱ्यातून उचलते आणि रस्ताभर फडफडते.

जामखेडच्या अलीकडे परतीच्या पावसाने गाठलं. हूड चढवणं हे दोन माणसांचं काम आहे. कमान ओढायची, कापड ताणायचं, आधी मागची खिडकी लावायची, मग बाजूच्या, मग चेन. आम्हाला बारा मिनिटं लागली. त्यातली पहिली चार मिनिटं कुठलं कापड कुठल्या बाजूचं, या भांडणात गेली. एका बाजूची चेन मी अर्धी उघडी ठेवली आणि रात्री लॉजवर बॅग उघडली तेव्हा माझे तिन्ही शर्ट पिळून काढावे लागले. चूक माझीच. पण बारा मिनिटांचा हिशेब लक्षात ठेवा. आपल्याकडचा परतीचा पाऊस बारा मिनिटं थांबत नाही. निघण्याआधी घरच्या अंगणात हूड तीनदा काढून-चढवून बघा, आणि चेनीला मेणबत्ती घासून ठेवा.

रात्रीचं ड्रायव्हिंग टाळा, हे या रस्त्यावर दुप्पट जोराने सांगतो. पाटोदा, आष्टी, केज या पट्ट्यातून याच दिवसांत ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, वर बिऱ्हाड, शेळ्या, मुलं, आणि मागे लाल दिवा नाही. समोरून येणाऱ्याच्या लाइटमध्ये तो ट्रॅक्टर अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही.

दुसरा दिवस. खर्ड्याचा किल्ला रस्त्यालगतच आहे. १७९५ ची मराठे आणि निजाम यांची लढाई याच भागातली. तिथे अर्धा तास पुरला. भूम ते परंडा मात्र विसरणार नाही. पाऊस उघडला होता, ऊन चटकत होतं आणि रस्त्याकडेला मळणी यंत्रं सुरू होती. सोयाबीनचं भूस वाऱ्याने थेट जीपमध्ये. मानेवर बसलं की खाज सुटते, घामात तर विचारू नका. बायकोने ओढणी डोळ्यांपर्यंत गुंडाळली आणि भूमच्या चहाच्या टपरीवर एक शब्दही न बोलता पिकअपमध्ये जाऊन बसली. तिथे एसी होता. मी जिद्दीने परंड्यापर्यंत तसाच गेलो.

याच भागात २०२५ च्या सप्टेंबरात सीनेच्या पुराने गावंच्या गावं पाण्यात गेली. म्हणून पाण्याबद्दल दोन शब्द. गाडी किती खोल पाण्यातून जाते, याचा कंपनीचा आकडा जीपवाले तोंडावर फेकतात. महिंद्राच्या २०२० साली आलेल्या थार जीपचा ६५० मिलिमीटर, हायलक्सचा ७००. हा आकडा थांबलेल्या पाण्याचा. पुलावरून वाहणारं दोन फूट पाणी गाडी उचलून नेतं, मग ती फोर बाय फोर असो की फोर बाय टू. गावातला माणूस "नका जाऊ" म्हणाला की वळवा.

परंडा हा भुईकोट, भोवती खंदक आणि तटावर तोफा. विजापूरची मुलुखमैदान तोफ पूर्वी इथे होती, १६३२ च्या सुमाराला तिकडे नेली. किल्ला गावातच आहे आणि इथे पिकअपची पंचाईत झाली. बोळ अरुंद, समोरून बैलगाडी, आणि मागे घ्यायला जागा नाही. थार चार मीटरच्या आत बसते. हायलक्स आणि व्ही-क्रॉस सव्वापाच मीटरच्याही पुढे जातात. मेव्हण्याची पिकअप त्यांच्यापेक्षा आखूड आहे, तरी तिला वळवायला चार वेळा पुढे-मागे करावं लागलं आणि अर्धं गाव सूचना द्यायला जमलं. जुन्या गावांत जायचं असेल तर पिकअप एसटी स्टँडजवळ लावा आणि चालत जा.

रिकाम्या हौद्याची आणखी एक खोड म्हणजे मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे. ते टनभर वजनासाठी बनवलेले असतात, रिकाम्या गाडीत ते दबतच नाहीत. बार्शी रस्त्यावरच्या खड्ड्यांत आई मागच्या सीटवर अक्षरशः उडत होती. मेव्हणा म्हणाला, "दाजी, रिकामी पिकअप म्हणजे रिकाम्या पोटाचा माणूस, चिडचिड करणारच." बार्शीत त्याने ओळखीच्या दुकानातून चार पोती वाळू घेतली आणि मागच्या चाकांच्या बरोबर वर ठेवली. फरक लगेच कळला. उडणं निम्म्याने कमी झालं आणि ओल्या रस्त्यावर मागची चाकं घसरायची थांबली. पोती बांधून मात्र टाका. हौद्यात माणसं बसवायची नाहीत, दर्शनाच्या गर्दीत ओळखीचे कितीही भेटले तरी. मालवाहू हौद्यात माणसं नेणं बेकायदा आहे, आणि काही झालं तर विमा कंपनी हात वर करते.

तिसरा दिवस. नळदुर्गच्या किल्ल्यात सकाळी लवकर जा. बोरी नदी अडवून बांधलेला बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, १६१३ चा. धरण भरून वाहत असेल तर नर आणि मादी असे दोन धबधबे पडतात आणि महालाच्या खिडकीतून पाण्याचा पडदा दिसतो. आम्हाला दोन्ही मिळाले. मित्राचा मुलगा तीन दिवसांत पहिल्यांदा मोबाइल खिशात ठेवून उभा राहिला. इथे दोन्ही गाड्या बाहेरच उभ्या होत्या, त्यामुळे तुलना शून्य.

खरोशाची लेणी जांभ्या दगडात कोरलेली, ठिसूळ, बरीच झिजलेली. वेरूळ डोक्यात ठेवून जाऊ नका. वाटेत किल्लारी लागतं. आई तिथे गप्प झाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाच्या पहाटे अंबाजोगाईतही भांडी पडली होती, तेवढंच बोलली.

लातूरहून परत येताना मी म्हटलं, शेतावर जाऊन जेवू. डांबरीपासून आमचं शेत दीड किलोमीटर, मध्ये पाणंद, आणि पाणंदीत काळी माती. आदल्या रात्री तिथे पाऊस झाला होता. वरून पापुद्रा वाळलेला दिसत होता, म्हणून फसलो. मित्राने फोर व्हील टाकलं, "आता बघ मजा," म्हणाला, आणि पहिले दोनशे मीटर खरंच मजा दाखवली. पुढे टायरच्या खाचा भरल्या. काळी माती भरली की टायर गुळगुळीत होतं, मग चारही चाकांना ताकद मिळून उपयोग काय? चारही एकदम घसरतात. मडगार्डमध्ये इतका गारा बसला की पुढचं चाक फिरेना. पिकअप तर पन्नास मीटरवरच बसली होती, तिच्याकडून कुणाची अपेक्षाही नव्हती. आम्ही दोघं खुरपं घेऊन मडगार्डमधला चिखल काढत बसलो. हा चिखल पडत नाही, कणकेसारखा हातालाच चिकटतो. बोटांनी काढा, तर बोटांवर राहतो.

अशा जागी करण्यासारखं थोडंच आहे. आत शिरण्याआधी हवा वीस पीएसआयच्या आसपास उतरवायची, दुसरा गिअर धरायचा, थांबायचं नाही आणि रेस करायची नाही. हवा भरायचा छोटा पंप आणि ओढायचा पट्टा सोबत हवाच. आणि सगळ्यात चांगलं, गाडी डांबरीवर ठेवून चालत जायचं. आणखी एक: जुनी जीप घेणार असाल तर गिअरच्या शेजारी फोर व्हील टाकायचा दुसरा दांडा आहे का ते बघा. २०२३ पासून थारची मागच्या चाकांवर चालणारी आवृत्तीही बाजारात आहे आणि लांबून बघितलं तर फरक कळत नाही.

शेजारच्या रानातले मामा ट्रॅक्टर घेऊन आले. "कशाला घातलाव हो गाडी ह्या गाऱ्यात?" एवढंच बोलले आणि पट्टा जोडला. आधी पिकअप काढली, मग जीप. मित्राने पाकीट काढलं. मामांनी त्याच्याकडे बघितलंही नाही, ते हौद्याकडे बघत होते.

"पैशाचं राहू द्या. माझे दहा कट्टे सोयाबीन खळ्यावर पडलंय, आभाळ भरून आलंय. ट्रॉलीनं डांबरीवर आणून देतो, मोंढ्यावर टाकता का?"

वाळूची पोती बांधावर उतरवली, कट्टे चढवले, ताडपत्री ओढली. पिकअपचे पाटे पहिल्यांदा नीट दबले. आई, बायको आणि मामा केबिनमध्ये, मेव्हणा स्टिअरिंगवर. मोंढ्यापर्यंत ती गाडी एकदाही उडाली नाही. आम्ही मागून हूड चढवत होतो. या वेळी सात मिनिटं लागली.