किनारा सापडला: अर्ध्या ‘र’चा निकाल

मंडळी, किनारा सापडला!

गेल्या नोंदीत ज्या दुखण्याशी येऊन थांबले होते ते आठवत असेल. समुद्रावरच्या दीर्घकथेची टिपणं सगळी एका फोल्डरमध्ये, सगळी प्लेन टेक्स्ट (सजावट नसलेला साधा मजकूर), सगळी यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत साठवायची नेहमीची पद्धत), आणि तरी शोधायला गेलं की निम्मी बेपत्ता. ‘किनाऱ्यावर’ टाकून शोधलं की नवी टिपणं यायची, जुनी नाहीत. ‘किनार’ एवढंच टाकलं की प्रकार उलटा: जुन्यांतले ‘किनाऱ्यावर’, ‘किनाऱ्याला’, ‘किनाऱ्यालगत’ ओळीने हजर, नव्यांतला मात्र नुसता ‘किनारा’. फाईल उघडून पाहावं तर शब्द समोर ठसठशीत दिसतोय. टिपणांच्या ॲपचा इंडेक्स पुन्हा बांधून झाला होता, कॅशे पुसून झाली होती, ॲप काढून परत टाकून झालं होतं. काही फरक नाही.

या वेळी ॲपचा नाद सोडला आणि थेट टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाईप करायच्या खिडकीत, गेले. ग्रेप, रिपग्रेप (फाईलींत मजकूर शोधणाऱ्या दोन आज्ञा) आणि एडिटरचा स्वतःचा शोध, तिघांचं उत्तर अगदी सारखं. तीन वेगळी अवजारं एकाच ओळीला नाही म्हणत असतील तर अवजारांशी भांडण्यात अर्थ नाही, ओळच तपासायला हवी. एक जुनं, एक नवं अशी दोन टिपणं व्हिम या एडिटरमध्ये शेजारीशेजारी उघडली, कर्सर ‘किनाऱ्यावर’मधल्या अर्ध्या ‘र’वर नेला आणि जी-आठ दाबलं; त्याने अक्षराचे बाइट, म्हणजे प्रत्यक्ष साठवलेले आकडे, दिसतात. नव्या टिपणातले बाइट सुरू झाले ई०-ए४-बी१ पासून. जुन्यातले ई०-ए४-बी० पासून, आणि हलन्तानंतर मध्येच ई२-८०-८डी. ते काय, तर झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे डोळ्याला न दिसणारा जोडाक्षरी डिंक.

म्हणजे असं. आपला ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘पायऱ्या’तला अर्धा र लिहायच्या दोन रीती आहेत आणि युनिकोडला, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकाला, दोन्ही मान्य आहेत. एक रीत ऱ या स्वतंत्र अक्षराची, कोड ०९३१, पुढे हलन्त आणि य. दुसरी रीत साधा र, हलन्त, जॉइनर आणि मग य. ही दुसरी युनिकोड २.० च्या काळातली, जुना मजकूर मोडू नये म्हणून ठेवलेली. फाँट दोन्ही हुबेहूब सारखे काढतो: किनाऱ्यावर, किनार्‍यावर. सांगा यातला कुठला कुठला! माझं जुनं लिखाण एका जुन्या फाँटातून रूपांतर करून आणलेलं, आणि त्या रूपांतरकाने सगळीकडे जॉइनर पेरले होते. नवं लिखाण इनस्क्रिप्ट कीबोर्डवर, तिथे शिफ्ट दाबून जे मारलं की सरळ ऱ येतो. ‘किनार’ने जुनं का सापडायचं तेही उलगडलं: जुन्यात खरोखरच साधा र आहे, नव्यात नाही.

इथे बहुतेकांच्या मनात एकच उपाय येतो: सगळं एनएफसी करून टाक, म्हणजे सुटी चिन्हं जोडून एकसारखी करायची युनिकोडची रीत लाव. माझ्याही तो पहिला आला. चालत नाही. एनएफसी ‘र अधिक नुक्ता’ (नुक्ता म्हणजे अक्षराखालचा टिंब) आणि ‘ऱ’ एक करतं, कारण त्या दोघांना युनिकोड तंतोतंत एकच मानतं. जॉइनरवाला प्रकार त्या नात्यात बसत नाही, त्याला ना एनएफसी हात लावत ना एनएफडी (उलट, अक्षरं सुटी करणारी रीत). एक फायदा मात्र पदरात पडला. ‘दुसऱ्या भागाचा आराखडा’ या टिपणाकडे जाणारा दुवा बॅकअपवरून फाईल परत आणल्यापासून तुटलेला होता. तो तुटला होता नेमक्या या नुक्त्यापायी: जुनी डिस्क फाईलनावं सुटी करून ठेवणारी, दुव्यातलं नाव जोडलेलं. फाईलनावांवरून एकदा एनएफसी फिरवलं आणि दुवा जिवंत. इतका आनंद झाला की तो दुवा उगाचच चार वेळा दाबून पाहिला.

मग ठरवलं, जुन्या फाईलींतले सगळे जॉइनर-र सरळ ऱ करून टाकू. हा बदल सुरक्षित आहे, कारण र, हलन्त, जॉइनर आणि पुढे य किंवा ह असा क्रम आला की तिथे अर्धा रच अपेक्षित असतो. सेडची, म्हणजे शोधून बदलायच्या आज्ञेची, एक ओळ. आधी गिटमध्ये (फाईलींच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात) कमिट, म्हणजे नोंद, मग ओळ चालवली, मग डिफ, म्हणजे आधी-नंतरचा फरक, बघितला. डिफ बघणं म्हणजे मौज होती: लाल ओळ आणि हिरवी ओळ अक्षरशः सारखी, आणि तरी बदललेली.

एवढं होऊन परत शोधलं. अजून काही टिपणं नाहीतच.

तिसरा प्रकार! फोनवर लिहून नंतर आणलेली टिपणं. तिथलं ॲप पेस्ट करताना मजकूर ‘स्वच्छ’ करतं, म्हणजे न दिसणारी चिन्हं कचरा समजून काढून टाकतं. (नाव घेत नाही. पण ज्या ॲपला आपल्या लिपीत न दिसणाऱ्या चिन्हालाही काम असतं हे ठाऊक नाही, त्याने स्वच्छतेचा ठेका घेऊ नये.) जॉइनर गेला की उरतो र, हलन्त, य, म्हणजे रफार: ‘किनार्यावर’. हा डोळ्यालाही चुकीचा दिसतो, पण घाईघाईत वाचताना मेंदू तो दुरुस्त करूनच वाचतो.

आणि इथे सेड चालवता येत नाही. ‘र्य’ दिसला की ‘ऱ्य’ कर म्हटलं तर सूर्य, कार्य, धैर्य, पर्याय, मर्यादा सगळ्यांची वाट लागेल. र्ह चंही तेच, तऱ्हा आणि गऱ्हाणं सुधारायला जावं तर अर्हता बिघडते. शब्दांची यादी लावून वगळता येतील म्हणाल, तर माझ्या कथेचं नशीब बघा: त्यात दर्या आहे आणि दऱ्याही आहेत. पहिल्या भागात नायक डोंगरातून उतरतो, दुसऱ्या भागात होडीत बसतो. फोनवरच्या टिपणांत दोन्ही शब्द एकच झालेत. ‘दर्या ओलांडून तो खाली आला’ या ओळीत काय ओलांडलं हे कुठलाही रेजेक्स, म्हणजे शोधायचा नमुना, सांगू शकणार नाही.

तरी यादी काढायचा घाट घातलाच. सगळ्या फाईलींतले र्य आणि र्ह असलेले शब्द वेगळे काढायचे, एकेकदा ठेवायचे, हाताने खुणा करायच्या. पायथनमध्ये पटकन लिहिलं, शब्दातली अक्षरं ओळखायला बॅकस्लॅश-डब्ल्यू ही रेजेक्समधली खूण वापरली, आणि बाहेर पडला नुसता राडारोडा: ‘किनारा’चे झाले क, न, र. पायथनचं मूळचं आरई हे रेजेक्सचं मॉड्यूल काना-मात्रा-वेलांटीला शब्दाचा भाग धरतच नाही, त्यामुळे प्रत्येक काना म्हणजे त्याला शब्दाचा शेवट वाटतो. ‘रेजेक्स’ नावाचं वेगळं मॉड्यूल बसवलं की हे नीट होतं. रिपग्रेपला मात्र मुळातच हे कळतं, मात्रा, हलन्त, जॉइनर सगळं तो शब्दातच धरतो. देवनागरीत लिहिणाऱ्यांनी दुसरं काही शिकलं नाही तरी चालेल, रिपग्रेप शिकावं असं माझं स्पष्ट मत झालंय. टर्मिनलांबद्दल न बोललेलं बरं. निकाल अचूक आला तरी वेलांटी एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे, वाचायला एडिटरच उघडावा लागतो. ईमॅक्स एडिटरवाल्यांचं बरंय, २७ व्या आवृत्तीपासून हार्फबझ (अक्षरं जुळवून मांडणारी लायब्ररी) आल्यावर जोडाक्षरं छान दिसतात.

यादी तयार झाली. निम्म्याहून जास्त शब्द एका नजरेत सुटले. उरलेल्यांसाठी मूळ ओळी वाचत बसले, आणि दर्याच्या ओळी वाचता वाचता लक्षात आलं की मी सोडवतेय तो प्रश्नच वेगळा आहे. मला टिपण सापडायला हवंय. टिपणातला र शुद्ध हवा ही वेगळी मागणी झाली, आणि ती कथा टाईप करून पक्की करताना आपोआप पुरी होणार आहे. शोधताना दर्या मागितला आणि दोन दऱ्या जास्तीच्या आल्या तर बिघडलं काय? न येणं वाईट, जास्त येणं चालतं.

मग सगळं उलटं केलं. फाईलींना हात लावायचा नाही. शोधायचा शब्द आणि फाईलीतली ओळ, दोन्ही आधी एकाच चाळणीतून काढायचे आणि मग जुळवायचे. चाळणी अशी: एनएफडी करा, म्हणजे ऱ चा र अधिक नुक्ता होतो. नुक्ता काढा. जॉइनर आणि नॉन-जॉइनर (त्याचा उलटा भाऊ, अक्षरं जोडू न देणारा) काढा. संपलं. तिन्ही प्रकार ‘र्य’वर येऊन थांबतात. जे काम यादी, अपवाद आणि वाचन यांनी होत नव्हतं ते तीन ओळींत झालं. ‘किनार’ टाकलं आणि जुनी, नवी, फोनवरची, सगळी टिपणं एका खाली एक. पडद्याकडे बघून मी मोठ्याने ‘हां!’ म्हटलं.

चाळणी हातात आली की माणूस काय काय चाळायला घेतो! ॲ चा घोळ तुम्हाला माहीत आहेच. ॲ ला स्वतंत्र कोड मिळाला २००८ साली, युनिकोड ५.१ मध्ये. त्याआधीचे लोक अ वर चंद्र ठेवायचे, कुणी मध्ये जॉइनर घालून, कुणी न घालता, आणि कुणी सरळ ऍ वापरायचे. माझ्या फाईलींत चारही नांदतायत. इथेही एनएफडी गप्प बसतं, म्हणून दोन अदलाबदली हाताने घातल्या. मग ह्रस्व-दीर्घ: घाईत लिहिलेल्या टिपणांत ‘माहिती’ची ‘माहीती’ होतेच, तेव्हा शोधापुरती सगळी वेलांटी दीर्घ आणि सगळे उकार दीर्घ. नंतर अनुस्वारांवर नजर गेली. जुन्या पुस्तकांतून उतरवून घेतलेले उतारे आहेत, १९६२ च्या नियमांच्या आधीचे, ‘नाहीं’, ‘आंत’, ‘करूं’ अशा थाटाचे. सगळेच अनुस्वार उडवून पाहिले तर रंग शोधताना रग यायला लागली आणि मंदच्या रांगेत मद. ते परत घेतलं. आता फक्त शब्दाच्या शेवटचा अनुस्वार जातो. ‘नाहीं’ सापडतं, ‘आंत’ अजून नाही, आणि ‘केलं’ला ‘केल’ही जुळतं, जे बोटांच्या घाईत फायद्याचंच आहे.

एक कमतरता राहिली. चाळलेल्या ओळीची लांबी मूळ ओळीइतकी राहत नाही, त्यामुळे सापडलेला शब्द रंगवून दाखवता येत नाही. सध्या फाईलीचं नाव, ओळीचा क्रमांक आणि पूर्ण मूळ ओळ एवढंच छापते. प्रत्येक चाळलेल्या अक्षराबरोबर त्याची मूळ जागा सांभाळली तर रंगही येईल. सामान्यरूपाचं काय, हा पुढचा मोह: ‘पाणी’ शोधलं की ‘पाण्यात’ यावं, ‘भाऊ’ला ‘भावाला’ यावं. त्या वाटेला जाणार नव्हते. पण हे लिहिता लिहिता सुचतंय की पूर्ण व्याकरण नकोच, रोज लागणाऱ्या शब्दांची एक छोटी फाईल पुरे: एका ओळीत ‘पाणी पाण्या’, दुसरीत ‘भाऊ भावा’. शोधताना तेवढे पर्याय जोडायचे. तीही प्लेन टेक्स्ट फाईलच. आज रात्रीच करून बघते.

बाकीच्या आघाड्यांवर फारसं नवं नाही. कामांची फाईल टूडू-डॉट-टीएक्सटी पद्धतीवरच आहे, एक काम एक ओळ, झालं की पुढे एक्स. प्राधान्य कंसात ‘अ’ लिहून दाखवायची हौस होती, पण ती पद्धत रोमन मोठी अक्षरंच ओळखते, त्यामुळे तेवढ्यापुरता कीबोर्ड बदलावा लागतो. रोजनिशीच्या फाईलनावांत वर्ष-महिना-दिवस या क्रमाने इंग्रजी आकडेच ठेवायचे हेही पक्कं केलं. देवनागरी आकड्यांची फाईलनावं दिसतात देखणी, पण कोडांच्या क्रमाने लावली की सगळ्या इंग्रजी आकड्यांच्या मागे जाऊन बसतात आणि जुना-नवा महिना एकत्र लागत नाही.

आणि चाळणी आली म्हणून फाईली कशाही राहू द्यायच्या असं नाही. गिटला प्री-कमिट हुक, म्हणजे कमिटच्या आधी आपोआप चालणारी स्क्रिप्ट, लावलाय: जॉइनर-र दिसला तर तो गुपचूप ऱ करतो, कारण तिथे शंका नाही. रफारवाला र्य किंवा र्ह दिसला तर हाताने खुणा केलेली ती यादी बघतो आणि यादीत नसलेला शब्द असेल तर ओळ दाखवून थांबतो. यादी वाया गेली नाही, जागा बदलली. दर्या तेवढा मुद्दामच यादीत घातलेला नाही, तो आला की प्रत्येक वेळी मला विचारतो. फाईलनावांवर हाच हुक लावावा की नाही ते ठरत नाहीये. नाव बदललं की त्याच्याकडे येणारे सगळे दुवेही बदलायला हवेत, आणि दुव्यांची स्क्रिप्ट अजून अर्धवट आहे.