वर्गात सगळ्यात उंच

मूल बुटकं असलं की सगळ्या घराला काळजी, उंच असलं की कुणालाच नाही. माझी लेक सातव्या वर्षी वर्गात सगळ्यात उंच होती, येणारा जाणारा कौतुक करायचा, आणि तेव्हाच एक दिवस आंघोळ घालताना तिच्या छातीत एका बाजूला हाताला कडक काहीतरी लागलं. गाठ म्हटल्यावर डोक्यात काय काय येतं ते सांगायला नकोच. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, ही गाठ नाहीये, स्तनांची वाढ सुरू झालीये, ती एका बाजूला आधी होणं अगदी नॉर्मल आहे, नॉर्मल नाहीये ते वय.

मुलींमध्ये 8 वर्षांच्या आधी आणि मुलांमध्ये 9 च्या आधी वयात येण्याची लक्षणं दिसली तर त्याला लवकर म्हणतात. आणि उलट बाजूने, मुलगी 13 ची झाली तरी छातीची वाढ सुरूच नाही किंवा मुलगा 14 चा झाला तरी वृषण वाढायला लागलेले नाहीत, तर तो उशीर. हे आकडे फ्रीजवर चिकटवून ठेवण्यासारखे आहेत खरं तर.

आता उंचीची गंमत. हार्मोन लवकर सुरू झाले की मूल एकदम वाढतं, म्हणूनच ती सगळ्यात उंच दिसत होती. पण इस्ट्रोजेन हे वयात आणणारं हार्मोन जसं हाडं वाढवतं तसंच हाडांच्या टोकाला असलेल्या ग्रोथ प्लेट, म्हणजे जिथून हाड वाढतं ती जागा, बंदही करतं (मुलग्यांमध्ये पण इस्ट्रोजेनच करतं बरं का, त्यांच्या टेस्टोस्टेरॉनपासूनच ते तयार होतं). एकदा प्लेट बंद झाल्या की मग काही करा, उंची वाढत नाही. म्हणजे दुसरीत सगळ्यात उंच असलेली मुलगी मोठेपणी मैत्रिणींमध्ये सगळ्यात बुटकी राहू शकते. डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्सरे काढतात, त्यावरून हाडांचं वय कळतं, बोन एज म्हणतात त्याला. हिचं हाडांचं वय खऱ्या वयाच्या बरंच पुढे निघालं, आणि मला एकदम कळलं की ज्या उंचीचं कौतुक चाललं होतं ती पुढच्या वर्षांची उंची आधीच खर्च होत होती.

मग रक्ताच्या तपासण्या, पोटाची सोनोग्राफी, मेंदूचा एमआरआय. मुलींमध्ये बहुतेक वेळा काहीच कारण सापडत नाही, मेंदूतलं घड्याळ लवकर सुरू झालं एवढंच. मुलग्यांमध्ये मात्र कारण सापडण्याची शक्यता जास्त असते, त्यामुळे मुलाच्या बाबतीत "लवकर मोठा झाला" म्हणून हसण्यावारी नेऊ नका प्लीज. आणि मुलग्यांमधलं पहिलं लक्षण मिशी किंवा आवाज फुटणं नसतं, वृषणाचा आकार वाढणं असतं, जे घरात कुणाच्या लक्षात येतच नाही. डॉक्टरांकडे त्यासाठी लहानमोठ्या मण्यांची एक माळ असते, मण्यांशी ताडून आकार बघतात, 4 मिलीचा मणी म्हणजे सुरुवात झाली असं समजतात.

उपचार ऐकून मी चक्रावलेच होते, कारण जे हार्मोन मेंदूकडून पिट्युटरीला (मेंदूच्या तळाशी असलेली हार्मोनची ग्रंथी) "सुरू कर" सांगतं त्याच्याच नकलेचं इंजेक्शन देतात! थांबवायचंय आणि देताय तेच? तर ते असं आहे की पिट्युटरीला हा निरोप थांबून थांबून यावा लागतो, तास दीड तासाने एक ठोका, मग थोडी शांतता, मग पुन्हा. दारावरची बेल अधूनमधून वाजली तर आपण उठतो, कुणी बोट ठेवूनच उभं राहिलं तर शेवटी लक्ष देणंच सोडून देतो. इंजेक्शन ते बोट ठेवण्याचं काम करतं. म्हणून पहिल्या डोसनंतर उलट थोडा जोर आल्यासारखं वाटू शकतं, काही मुलींना थोडं रक्तही जातं, हे आधी सांगून ठेवलं होतं म्हणून बरं. महिन्याने किंवा तीन महिन्यांनी एकदा द्यायचं असतं, बंद केलं की साधारण वर्ष दीड वर्षात सगळं आपलं आपण पुन्हा सुरू होतं, पुढे मूल होण्यावर परिणाम होत नाही. "हार्मोन देऊ नका हो, वांझ होईल पोरगी" असं मला तोंडावर सांगणारे भेटलेत म्हणून हे मुद्दाम लिहितेय. पण प्रत्येकीला इंजेक्शन लागतंच असंही नाही, आठाच्या जवळ सुरू झालं असेल आणि हळू चाललं असेल तर काही महिने नुसतं बघत राहतात.

लेकीला काय सांगायचं हा वेगळाच विषय. मी सरळ सांगितलं, तुझं शरीर थोडं घाईत आहे, त्याला जरा थांबायला सांगतोय. तिला इंजेक्शनपेक्षा जास्त राग आला तो लोकांचा, कारण उंची बघून सगळे तिला दहा वर्षांची समजून तसं वागण्याची अपेक्षा ठेवायचे. डोकं सातचंच होतं हो.

या सगळ्यात एक कळलं, एकदा मोजलेल्या उंचीवरून फार काही समजत नाही, वर्षाला किती वाढली ते बघायचं. वयाच्या चौथ्या वर्षानंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण 5 ते 6 सेमी वाढतं. 4 पेक्षा कमी भरत असेल तर दाखवून या, आणि एकदम भसाभस वाढत असेल तरी दाखवून या. मोजताना बूट काढून, टाचा भिंतीला टेकवून आणि शक्यतो दर वेळी दिवसाच्या एकाच वेळेला, कारण संध्याकाळपर्यंत सेंटीमीटरभर उंची कमी भरते.

जाड मुलाला लगेच थायरॉईड चिकटवणाऱ्यांसाठी: नुसत्या खाण्याने जाड झालेली मुलं सहसा वयाच्या मानाने उंच असतात. वजन वाढतंय आणि उंची थांबलीये, तेव्हा थायरॉईड कमी पडतंय किंवा कॉर्टिसॉल (ताणाचं हार्मोन) जास्त झालंय असा संशय घ्यायचा. आणि मुलगी कारणाशिवाय बुटकी राहत असेल तर टर्नर सिंड्रोमसाठी (मुलींमध्ये एक एक्स क्रोमोसोम नसतो किंवा अर्धवट असतो) क्रोमोसोमची तपासणी सांगतात, ती टाळू नका, दिसायला काहीच वेगळं नसतानाही तो असू शकतो. उंची वाढवायच्या पावडरींबद्दल मी काही लिहित नाही, शिव्या येतील तोंडात.

जाताना मुलाच्या जुन्या उंचीच्या सगळ्या नोंदी न्या, लसीकरणाच्या कार्डावरच्या, शाळेतल्या, ज्या मिळतील त्या. आईची पाळी कधी सुरू झाली, बाबा कधी उंच झाले हेही विचारतात, कारण उशिरा वाढणं बऱ्याचदा घराण्यातच असतं. आणि आईबाबांची उंची लागते, दोघांची बेरीज करून मुलगा असेल तर 13 सेमी मिळवायचे, मुलगी असेल तर वजा करायचे, मग निम्मं, की अंदाज निघतो. आमच्या डॉक्टरांनी आम्हाला विचारलंच नाही, सरळ भिंतीला उभं करून मोजलं. बाबा लोक नेहमी वाढवून सांगतात म्हणाले, आणि आमच्याकडचे लग्नाआधीपासून सांगत होते त्यापेक्षा चांगले तीन सेमी कमी भरले.