दवाखान्याची फाइल आणि सिबिलचा रिपोर्ट

केज तालुक्यातल्या एका बँक शाखेत मी कर्ज विभाग सांभाळते. म्हशींसाठी कर्ज हे आमचं नेहमीचं काम. डेअरीची दूधबिलं, गोठ्याची पाहणी, विम्याचे कागद जमले की प्रकरण तयार. त्या दिवशी आलेल्या मामांचं सगळं चोख होतं. उरलेल्या एकाच म्हशीवर का होईना, पण डेअरीचे पैसे दर दहा दिवसांनी खात्यात जमा होत होते. सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीचा स्कोअर, काढला तर 587. सिस्टिमने प्रकरण तिथंच अडवलं.

"सिबिल बसत नाही" एवढं सांगून फाइल परत दिली की आमचं काम संपतं. मीही तेच सांगितलं. मामा उठेनात.

"मॅडम, मी समदे पैसे भरलेत. मग आता कामून नडवायलात?"

त्यांनी पिशवीतून फायनान्स कंपनीचं नो ड्यूजचं, म्हणजे काही देणं बाकी नसल्याचं, पत्र काढलं. त्याखाली लातूरच्या एका खासगी दवाखान्याची जाडजूड फाइल होती. हार्ट अटॅक आला, रात्रीतून तिकडं नेलं, अँजिओप्लास्टी झाली आणि बिलासाठी बिलिंगच्या खिडकीशेजारी बसलेल्या फायनान्सच्या मुलाकडून कर्ज घेतलं.

रिपोर्टमध्ये प्रत्येक कर्जाखाली महिन्यांची एक ओळ असते. हप्ता वेळेवर गेला की 000, नाहीतर जितके दिवस उशीर तो आकडा. मामांच्या ओळीत एप्रिल ते जुलै 000. ऑगस्ट 026, सप्टेंबर 056, ऑक्टोबर 087, नोव्हेंबर 117. मी दवाखान्याची फाइल उघडून शेजारी ठेवली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात फुप्फुसात पाणी झालं म्हणून पुन्हा ॲडमिट. सप्टेंबरमध्ये तपासण्या. ऑक्टोबरच्या चिठ्ठीवर 'कष्टाचं काम बंद'. डिसेंबरमध्ये रिपोर्टवर पुन्हा 000, कारण मामांनी दोन म्हशी विकून थकबाकी भरली होती. आता त्याच म्हशी परत घ्यायला ते माझ्यासमोर बसले होते.

आपल्याकडे दवाखान्याचं बिल थेट सिबिलला जात नाही. जातं ते बिलासाठी काढलेलं कर्ज, आणि तेही बहुतेकदा साधं पर्सनल लोन म्हणून. त्यामुळे लग्नासाठी काढलेलं कर्ज आणि जीव वाचवायला काढलेलं कर्ज रिपोर्टवर सारखंच दिसतं. अमेरिकेत वसुलीला गेलेली दवाखान्याची बिलं रिपोर्टवर वेगळी ओळखता येतात. म्हणूनच तिथल्या सिबिलसारख्या तीन मोठ्या क्रेडिट कंपन्यांनी 2022 मध्ये भरलेली बिलं आणि 2023 मध्ये 500 डॉलरच्या आतली बिलं रिपोर्टवरून काढून टाकली. आपल्याकडे काढायचं ठरवलं तरी ओळखायचं कशावरून?

रिपोर्टमध्ये आणखी एक गोष्ट सापडली. कर्ज पूर्ण फिटलेलं असूनही खातं चालू दाखवत होतं आणि वर 11,200 रुपये थकीत. कंपनीने माहिती कळवलीच नव्हती. त्याच दिवशी नो ड्यूजचं पत्र जोडून आम्ही ऑनलाइन तक्रार केली. अशी तक्रार 30 दिवसांत निकाली काढावी लागते. नाही निघाली तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम 26 एप्रिल 2024 पासून लागू आहे. मामांनाच काय, आमच्या शाखेतल्या दोघांनाही तो माहीत नव्हता.

थकबाकी शून्य झाली, खातं बंद दिसू लागलं, स्कोअर वर सरकला. पण 117 हा आकडा तसाच राहिला. तो खरा आहे, म्हणून खोडता येत नाही. मग मी वरच्या ऑफिसला टिपण लिहिलं: एका बाजूला हप्ते थकलेले महिने, दुसऱ्या बाजूला ॲडमिट-डिस्चार्जच्या तारखा, सोबत दूधबिलं. दोन म्हशींची मागणी होती, एकीचं मंजूर झालं.

मला खरी चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. अँजिओप्लास्टी मोफत उपचाराच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसते. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत ती पांढऱ्या रेशनकार्डाच्या शेतकऱ्यालासुद्धा लागू होती आणि मामांचं कार्ड तर केशरी. पण तो दवाखाना योजनेत नव्हता आणि दारात कुणी तसं सांगितलं नाही. "आरोग्यमित्राला, योजनेच्या मदतनिसाला, विचारलं नव्हतं का?" म्हटलं तर मामा म्हणाले, "ते कोण असतंय?" छातीत कळ आलेल्या माणसाला गाडीत घालताना घरच्यांनी योजनेची यादी शोधावी, ही अपेक्षाच चूक आहे. 155388 हा योजनेचा नंबर गावातल्या प्रत्येक रिक्षावाल्याच्या मोबाइलमध्ये असायला हवा.

आजारपणात मामींनीही बचत गटातून आणि एका मायक्रोफायनान्सकडून पैसे उचलले होते. तेही फिटलेत, असं मामा सांगतात. प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. पुढच्या आठवड्यात मामींना आधार, पॅन आणि भरलेल्या हप्त्यांच्या पावत्या घेऊन बोलावलंय.