दार वाजतं तेव्हा

२५ डिसेंबरला इंग्लंडात रेल्वे धावत नाही, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. कमी धावते, उशिरा धावते असं नव्हे, धावतच नाही. मोठ्या दुकानांनी त्या दिवशी उघडायचं नाही, असा तर २००४ सालचा कायदाच आहे. आमच्या कोथरुडात लक्ष्मीपूजनाच्या रात्रीसुद्धा कोपऱ्यावर कोथिंबिरीची जुडी मिळते. इथे नाताळच्या दुपारी अंगणात उभं राहिलं, तर शेजाऱ्याचा फ्रीज घुरघुरलेला ऐकू यावा इतकी शांतता.

लेकीकडे नॉटिंगहॅमला तीन महिन्यांसाठी गेले होते. तिला माझा स्वभाव ठाऊक, म्हणून आठवडाभर आधीच ती मला एका चॅरिटीच्या दुकानात घेऊन गेली. लोकांनी देऊन टाकलेल्या कपबश्या, कोट, जिगसॉची खोकी आणि भिंतभर पुस्तकं. "आई, पुरेल एवढं वाचायला घेऊन ठेव, नंतर मला काही म्हणू नकोस." मी फळीवरचे खून उचलले. पाच पौंडांत पाच. त्यातले चार ॲन क्लीव्ह्स यांच्या शेटलंडच्या मालिकेतले, पाचवा ॲगाथा ख्रिस्तीबाईंचा.

शेटलंड म्हणजे ब्रिटनच्या नकाशात एका कोपऱ्यात चौकोन आखून कोंबलेली बेटं. या चौकोनाचा तिथल्या लोकांना इतका राग, की २०१८ साली स्कॉटलंडने कायदा केला : सरकारी नकाशात शेटलंड जिथे आहे तिथेच दाखवायचं, नाहीतर कारण द्यायचं. जिथे आहे तिथे म्हणजे इतकं वर, की एडिंबरोपेक्षा नॉर्वेतलं बर्गेन जवळ. वस्ती साधारण २३ हजार. झाडं जवळजवळ नाहीतच, वारा मात्र बारा महिने. ऐन हिवाळ्यात दिवस सहा तासांचाही नसतो. आता अशा ठिकाणी खून झाल्यावर खुनी पळणार कुठे? ॲबर्डीनला जाणारी बोट रात्रभराची, आणि वादळ असलं तर तीही नाही. म्हणजे जो कोणी आहे तो इथेच आहे, कदाचित आत्ता चहाला समोर बसला आहे. रहस्यकथा लिहिणाऱ्याला आणखी काय हवं!

मालिका आठ पुस्तकांची. पहिलं, 'रेव्हन ब्लॅक', २००६ सालचं. त्याला त्याच वर्षी ब्रिटनमधल्या गुन्हेकथा लेखकांच्या संघटनेचं मोठं बक्षीस मिळालं. त्या बक्षिसाला म्हणतात 'डॅगर', म्हणजे खंजीर. (आपल्याकडे सगळ्यांना शाल आणि श्रीफळ.) लेखिका तरुणपणी शेटलंडच्या फेअर आयल या बेटावर, पक्षी बघायला येणाऱ्यांच्या केंद्रात स्वयंपाकाला मदतनीस होत्या. हे कळल्यावर मला एक कोडं उलगडलं. इतका गंभीर तपास चालू असतो, आणि तरी या पुस्तकांत लोक सारखे काहीतरी खात का असतात, ते.

स्कॉटलंडात नाताळला सरकारी सुट्टी मिळाली तीच मुळी १९५८ साली. सणाचा खरा मान तिकडे ३१ डिसेंबरच्या रात्रीचा. बारा वाजून गेल्यावर ज्याचं पाऊल पहिल्यांदा उंबऱ्याच्या आत पडेल, त्याच्यावर घराचं वर्ष अवलंबून. तो काळ्या केसांचा पुरुष असावा, हातात कोळशाचा तुकडा वगैरे असावा. सोनेरी केसांचा आला तर अपशकुन. त्याचं कारण असं सांगतात, की सोनेरी केसांचा माणूस दारात येणं म्हणजे एके काळी व्हायकिंग येणं. आपल्याकडे मांजर आडवं जातं, त्यांच्याकडे व्हायकिंग.

'रेव्हन ब्लॅक' सुरू होतं ते याच रात्री. मॅग्नस नावाचा एक म्हातारा टेकडीवरच्या घरात एकटा बसला आहे. गावाने त्याला जवळजवळ वाळीत टाकलेलं, कारण जुन्या एका प्रकरणात त्याच्यावर संशय होता. तरी कुणी तरी येईल म्हणून त्याने पाहुणचाराची तयारी करून ठेवली आहे. वर्षानुवर्षं कुणी आलेलं नाही. आणि रात्री एकच्या पुढे दार वाजतं. शाळकरी वयाच्या दोन मुली, थोड्या प्यायलेल्या, गंमत म्हणून आलेल्या. पुढे त्यातल्या एकीचं प्रेत बर्फात सापडतं, भोवती कावळे. म्हणजे आपले काव काव करणारे नव्हेत. डोमकावळे, आडदांड, काळेकुट्ट. लेखिकेने सांगितलं आहे, की शेटलंडच्या हिवाळ्यात बर्फावर असे कावळे बघितले आणि वाटलं, यात आता लाल रंग तेवढा कमी आहे. शांतपणे असं म्हणणाऱ्या बाईच्या हातचं मी खाल्लं असतं की नाही, सांगता येत नाही.

पण खरं सांगते, मला त्या प्रेतापेक्षा म्हाताऱ्याची तयारी जास्त चटका लावून गेली. रात्रीचा एक वाजून गेलेला, कुणी येणार नाही हे माहीत असलेलं, आणि तरी मांडून ठेवलेलं.

तपासाला येतो तो जिमी पेरेझ. नाव स्पॅनिश, माणूस फेअर आयलचा. १५८८ साली स्पॅनिश आरमारातलं 'एल ग्रान ग्रिफॉन' नावाचं जहाज खरंच त्या बेटाच्या खडकांवर फुटलं होतं. पेरेझचं नाव आणि त्याचे काळे केस तिथपर्यंत नेऊन भिडवलेत. काळ्या केसांचा पुरुष, म्हणजे शकुनाचाच पाहुणा! बीबीसीच्या मालिकेत मात्र त्याचं काम केलेला नट सोनेरी-तांबूस केसांचा निघाला. अभिनय उत्तम आहे, पण मला तो दारात दिसला की व्हायकिंगच आठवतो.

या पेरेझची तपासाची पद्धत म्हणाल तर भिंग नाही, पाइप नाही, टेबलावर मूठ आपटणं नाही. तो दार वाजवतो. आत घेतलं की ओल्या कोटानिशी स्वयंपाकघरात बसतो. किटली चढते. एखादा प्रश्न विचारतो आणि गप्प बसतो. समोरच्याला ती शांतता सहन होईनाशी होईपर्यंत गप्प बसतो. ही कला आमच्या अख्ख्या सोसायटीत एकालाही अवगत नाही. चौथ्या पुस्तकापर्यंत आले तेव्हा माझ्या लक्षात आलं, की थंडीच्या मुलखातला डिटेक्टिव्ह म्हणजे दारातून परत पाठवता येत नाही असा पाहुणा. एरवी कुणी कुणाकडे न कळवता जात नाही. खून झाला तरच जाता येतं.

कोथरुडात सकाळी अकराच्या आत माझी बेल किती वेळा वाजते, ते एकदा मोजलं होतं. दूध, पेपर, कचरा, इस्त्रीवाला, कुरियर, वरच्या वहिनी विरजणाला, वॉचमन सहीसाठी, आणि चुकून आलेले दोघे. आमच्याकडे खून झाला तर संशयितांचीच यादी फुलस्केप भरेल आणि त्यातल्या निम्म्यांना मी स्वतः चहा पाजलेला असेल. नॉटिंगहॅमला डिसेंबरात चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. पडदे ओढले जातात. त्यानंतर दार वाजलं की घरातले सगळे आधी एकमेकांकडे बघतात. आपली रहस्यकथा बंद खोलीत सुरू करावी लागते. त्यांची नुसत्या संध्याकाळीसुद्धा सुरू होते.

बर्फाची मात्र फसवणूक आहे. पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर इतका बर्फ, की नातवाने मला बुटांसकट तयार करून ठेवलं होतं. प्रत्यक्षात रोज पाऊस. पाऊस तरी कसला, आपल्या श्रावणातल्या सरींचा चुलतभाऊ, न बोलणारा. इथल्या हवामान खात्याचा 'शुभ्र नाताळ' म्हणजे काय, तर २५ डिसेंबरच्या चोवीस तासांत कुठेतरी बर्फाचा एक कण पडताना दिसला पाहिजे. एक! इतक्या कमी अपेक्षा मी आमच्या पाणीपुरवठ्याकडूनही ठेवलेल्या नाहीत. पण बर्फ लेखकांना लागतोच. रस्ते बंद होतात, पोलीस पोचत नाहीत, आणि पावलं उमटतात. चिखलातही उमटतात, पण चिखलात शोभा नाही.

आता थोडं ॲगाथाबाईंविषयी. त्यांचे प्रकाशक दरवर्षी डिसेंबराच्या सुमाराला त्यांची नवी कादंबरी काढायचे आणि 'नाताळला एक ख्रिस्ती' अशी जाहिरात करायचे. मराठीत म्हटलं की भलताच अर्थ होतो, पण इंग्रजांनी ती वर्षानुवर्षं आनंदाने विकत घेतली. १९३८ साली त्यांनी थेट नाताळातलाच खून लिहिला, तपासाला त्यांचा नेहमीचा डिटेक्टिव्ह पॉयरो. तो त्यांच्या मेव्हण्याला अर्पण केलाय. हल्लीचे तुझे खून फार सोज्वळ होताहेत, चांगला रक्तबंबाळ एखादा लिही, अशी त्याची तक्रार होती म्हणे. माझ्या मेव्हण्यांनी आजवर फक्त आमटीत मीठ कमी असल्याची तक्रार केली आहे.

त्या पुस्तकात एका श्रीमंत, खवट म्हाताऱ्याने वर्षानुवर्षं तोंड न बघितलेली मुलं-सुना सणासाठी एका घरात गोळा केलेली असतात. पॉयरोचं म्हणणं असं, की सणाच्या नावाखाली माणसं इच्छेविरुद्ध गोड वागतात आणि त्याचाच ताण येतो. हे वाचताना मला आमचे गौरी-गणपती आठवले. एक स्वयंपाकघर, चार जावा, दोन शेगड्या आणि पुरण कुणी वाटायचं हा प्रश्न. आमच्याकडे काही घडलं नाही याचं श्रेय मी संस्कारांना देत नाही, दुपारच्या झोपेला देते.

पण पॉयरो मला आवडला तो वेगळ्याच कारणाने. यजमान कौतुकाने धगधगत्या शेकोटीसमोर बसवतो, आणि हा मनात म्हणतो, पुढून भाजतंय, पाठ गार पडलीये, सेंट्रल हीटिंग असतं तर! माझे जावई हीटिंग अठरावर ठेवतात. गुणी मुलगा आहे, पण अठरा. मी स्वेटर, त्यावर शाल, डोक्याला माकडटोपी अशा अवतारात रेडिएटरला पाठ लावून पुस्तक वाचायची. "आई, एकोणीस करू का?" असं ते रोज विचारायचे आणि मी रोज "नको नको, छान आहे" म्हणायची. सणाच्या नावाखाली माणसं गोड वागतात ती अशी.

सणाला वाचायची ही रीत मला परकी वाटली नाही. १९०९ साली 'मनोरंजन'ने दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपण चिवड्याच्या तेलकट बोटांनी पानं उलटतोच आहोत. फरक इतकाच, की आपल्या दिवाळीत वाचणाऱ्याला निवांत कोपरा मिळत नाही. लहानपणी मी बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचला. आता कुणापासून लपवायचं नव्हतं, तर उलट चुकल्यासारखं वाटत होतं.

तर वाचनाचा परिणाम. समोरच्या घरात एक वयस्कर गृहस्थ एकटे राहतात. जाता-येता हात वर करणारे. नाताळच्या दिवशी त्यांच्या खिडकीचे पडदे ओढलेले नव्हते. दुसऱ्या दिवशीही नाही. दिवा नाही. कचऱ्याचा डबा फुटपाथवर तसाच. दारावरचा हिरव्या पानांचा गोल वाऱ्याने वाकडा झालेला, तो सरळ करायला कुणी आलं नाही. या देशात चारला पडदे ओढत नाहीत म्हणजे काय, हे मला चार पुस्तकांनी शिकवलं होतं. डोळ्यांसमोर मॅग्नस, त्याने मांडून ठेवलेलं सगळं.

२८ तारखेला घरातले सगळे सेलला गेले. अंधार पडत होता. मी जावयांची बॅटरी घेतली, पिशवीत डबाभर शंकरपाळी घेतली (जिवंत असले तर), आणि रस्ता ओलांडला. बेल वाजवली. दार ठोठावलं. दाराला कान लावला. मग वाफ्यातून खिडकीपाशी जाऊन आत बॅटरी मारली. टेबलावर अर्धवट लावलेला जिगसॉ, एक रिकामी खुर्ची. बाकी काही नाही. शंकरपाळी घेऊन परत आले.

"आई!" लेक ओरडलीच. "ते दरवर्षी नाताळात मुलीकडे जातात स्पेनला!"

मी तो विषय वाढवला नाही. बुटांचा चिखल मात्र लगेच धुऊन टाकला. इतकं तर कुणीही केलं असतं.

१ जानेवारीला सकाळी नऊला दार वाजलं. आम्ही सगळ्यांनी आधी एकमेकांकडे बघितलं. मीच उघडलं. समोरचे गृहस्थ, स्पेनच्या उन्हाने तांब्यासारखे झालेले. डोक्याला एकही केस नाही, त्यामुळे शकुन की अपशकुन ते ठरवता येईना. नव्या वर्षाच्या शुभेच्छा देऊन झाल्यावर त्यांनी खिशातून मोबाईल काढला. त्यांच्या बेलमध्ये कॅमेरा असतो आणि तो थेट स्पेनपर्यंत दाखवतो, ही गोष्ट माझ्या चारही पुस्तकांतून राहून गेली होती.

पडद्यावर एक बुटकी आकृती. माकडटोपी, शाल, हातात बॅटरी, काखेत पिशवी. दाराला कान लावून उभी. मग इकडे तिकडे बघून वाफ्यात उतरली. मी पोलीस असते तर तिला तिथल्या तिथे धरलं असतं.

"या बाई तुमच्याकडच्या का?" त्यांनी अगदी अदबीने विचारलं. आणि मग गप्प बसले.

मी किटली चढवायला आत गेले.